अगस्तीच्या उजवीकडचा पांढरा तारा : पुण्यातून मोजमाप आणि हिशेब

चित्रफलक तारकासमूहातला बीटा पिक्टोरिस (पुढे नुसता बीटा) हा ३.८६ प्रतीचा पांढरा तारा. प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा लहान तितका तारा ठळक. डोक्यावर असता तर अंधाऱ्या गावातून नुसत्या डोळ्यांनी सहज दिसला असता. पण त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, उणे (दक्षिणेला) ५१ अंश ४ कला आणि पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणजे ९० मधून दोन्ही वजा केले की हातात उरतात जेमतेम २० अंश. एवढ्या खालून येणारा प्रकाश डोक्यावरच्या मानाने जवळजवळ तिप्पट हवा ओलांडून येतो आणि वाटेत पाऊण प्रत गमावतो. शहरातून तो दिसत नाही असंच धरून चाला. घोडेगावजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आहे, तिच्यासाठीसुद्धा हा तारा २० अंशांवरच असतो, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. कोल्हापूरकरांना मात्र जवळपास दोन अंश फुकट मिळतात.

या ताऱ्याचं अंतर, दीप्ती (त्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश), त्रिज्या, वस्तुमान, घनता हे सगळं साध्या कॅल्क्युलेटरवर निघतं. त्यासाठी तीनच आकडे लागतात : प्रत, रंग आणि पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जेवढा सरकल्यासारखा दिसतो तो कोन). प्रत तुम्ही स्वतःच्या कॅमेऱ्याने मोजू शकता, बाकी दोन तयार घ्यायचे. घोटाळा होतो तो बहुतेक वेळा रंगावरून तापमान काढताना, म्हणून खाली त्या पायरीवर जास्त वेळ थांबलो आहोत.

शोधायचा कसा

आधी अगस्ती. मृग आणि व्याध ओळखू येत असतील तर व्याधाच्या खाली, दक्षिण क्षितिजाकडे दिसणारा सर्वांत ठळक तारा म्हणजे अगस्ती. बीटा त्याच्यापासून सुमारे सहा अंशांवर आहे. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिलात की अगस्तीच्या उजवीकडे, किंचित वर. ७×५० बायनॉक्युलरचं क्षेत्र साधारण सात अंशांचं असतं. त्यात अगस्ती डाव्या कडेला आणला की बीटा उजव्या कडेला येतो. १०×५० मध्ये दोघं एकत्र मावतीलच असं नाही.

बीटा याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे बरोबर दक्षिणेला सर्वांत वर येतो तो २० डिसेंबरच्या सुमारास रात्री साडेबाराला, संक्रांतीच्या आसपास पावणेअकराला आणि १० फेब्रुवारीला नऊला. त्याच्या आधी नि नंतर दोन-दोन तास तो १५ अंशांच्या वर असतो. कामाचा वेळ तेवढाच.

जागा निवडताना शहर पाठीमागे येईल असं बघा. कोथरूड-डेक्कनवरून दक्षिणेला पाहिलं तर कात्रज, आंबेगाव आणि कोंढव्याचा उजेड नेमका या ताऱ्याच्या वाटेत येतो. वेल्हे, पानशेत किंवा भोरच्या बाजूला गेलात की पुण्याचा उजेड उत्तरेला पडतो आणि दक्षिण मोकळी होते. डोंगर असले तरी चालतात, फक्त त्यांची धार १२ अंशांच्या खाली हवी. फोनमधल्या लेव्हल अ‍ॅपने दिवसाउजेडी मोजून ठेवा, कारण रात्री तिथे पोचल्यावर डोंगर हलवता येत नाही.

हवेचं गणित वेगळं आहे. डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. शेकोट्यांचा धूर आणि बांधकामाची धूळ त्याखाली अडकते. डोक्यावरचं आकाश स्वच्छ दिसत असताना क्षितिजाजवळचे २० अंश मळकट असतात ते यामुळे. अवकाळी पाऊस पडून गेल्यानंतरची किंवा वारा सुटलेली रात्र मिळाली तर ती सोडू नका. धरणाच्या काठी दव मात्र भरपूर पडतं. लेन्सवर दव बसलं की सगळे तारे सारखेच मंद होत नाहीत, कडेचे जास्त होतात आणि मोजमाप गुपचूप बिघडतं. लेन्सला हूड लावा, आणि दर दहा मिनिटांनी काच टॉर्चने तपासा, समोरून नव्हे, तिरपा उजेड टाकून.

प्रत मोजणे

एखाद्या ताऱ्याची प्रत मोजायची म्हणजे माहितीतल्या ताऱ्याशी त्याची तुलना करायची. तुलनेचा तारा त्याच उंचीवर आणि त्याच रंगाचा मिळाला तर अर्ध्या दुरुस्त्या आपोआप गळून पडतात. इथे नशीब जोरावर आहे. अगस्तीचा बी वजा व्ही रंगांक (निळ्या बी आणि हिरवट-पिवळ्या व्ही पट्ट्यांत मोजलेल्या प्रतींचा फरक) ०.१५, बीटाचा ०.१७. उंचीही जुळवता येते : बीटाने याम्योत्तर ओलांडल्यावर साधारण १ तास २० मिनिटांनी पुण्यातून दोघेही १८ अंशांवर येतात. म्हणजे संक्रांतीला रात्री बाराच्या पाचेक मिनिटं मागे-पुढे. त्या वेळी फोटो काढले तर हवेमुळे दोघांचं नुकसान सारखंच होतं आणि ते मोजत बसावं लागत नाही.

अडचण एकच. अगस्तीची प्रत उणे ०.७४, म्हणजे दोघांत ४.६० प्रतींचा फरक. प्रकाशात सांगायचं तर अगस्ती सुमारे ६९ पट तेजस्वी. नीट फोकस केलेल्या फोटोत अगस्ती पिक्सेल भरून सांडतो आणि त्याचा आकडा खोटा येतो. उपाय म्हणजे फोकस मुद्दाम बिघडवणे. ट्रायपॉडवर ५० मिमीची लेन्स, एफ-४, आयएसओ १००, एक्स्पोजर १० सेकंद, ऑटोफोकस बंद. फोकसची रिंग एवढी फिरवा की ताऱ्याचा ठिपका पसरून १५ पिक्सेलची चकती होईल. दहा सेकंदांत तारा आणखी सहाएक पिक्सेल सरकतो, त्याने काही बिघडत नाही. फाइल रॉच हवी. जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच्या मर्जीने उजेड-अंधार बदलतो, त्या फाइलवरून प्रत काढणं व्यर्थ. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद करा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा दहा सेकंद अडकून पडेल.

पहिला फोटो काढल्यावर अगस्तीच्या चकतीतला सर्वांत मोठा आकडा बघा. १४ बिटच्या कॅमेऱ्यात कमाल १६३८३ असते. आकडा ११०००च्या वर गेला तर फोकस आणखी बिघडवा किंवा एक्स्पोजर कमी करा. बीटा आणि अगस्ती चौकटीच्या मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवा, कारण लेन्सच्या कडेला उजेड कमी पोचतो.

फोटो किमान ४० काढा. हा आकडा हौसेपोटी सांगितलेला नाही. ५० मिमी लेन्स एफ-४ला ठेवली की प्रकाश आत येतो तो फक्त साडेबारा मिमीच्या भोकातून. इतक्या लहान भोकातून, क्षितिजाजवळ, १० सेकंदांच्या एका फोटोतही लुकलुकीमुळे ताऱ्याचा प्रकाश दहा-बारा टक्क्यांनी वर-खाली होतो. दोन्ही तारे आपापले लुकलुकतात, त्यामुळे तुलनेत चूक आणखी वाढते. चाळीस फोटोंचा हिशेब केला तर ती सुमारे ०.०३ प्रतीवर येते. त्यानंतर लेन्सला झाकण लावून त्याच एक्स्पोजरचे १० काळे फोटो घ्या. शेवटी लेन्सवर पांढरा कापडी तुकडा ताणून, फोकसला हात न लावता, एकसारख्या उजेडाचे १० फोटो घ्या.

घरी आल्यावर सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. काळे फोटो वजा करा, एकसारख्या उजेडाच्या फोटोंनी भागा आणि फक्त हिरवे पिक्सेल वेगळे काढा, कारण कॅमेऱ्याचा हिरवा रंग खगोलातल्या व्ही पट्ट्याच्या सर्वांत जवळ जातो. हिरवा भाग काढला की चित्र निम्म्या मापाचं होतं. त्यात ताऱ्याभोवतीचं वर्तुळ ८ पिक्सेल त्रिज्येचं आणि आकाशाचा उजेड मोजायचं कडं १२ ते १८ पिक्सेलचं ठेवा. कड्यात दुसरा तारा येत नाही ना, ते बघा. आकाशाचा उजेड अगस्तीला जाणवतही नाही, पण बीटाच्या आकड्यात तो मोठा वाटा घेतो.

आता चाळीसही फोटोंतले अगस्तीचे आकडे एकत्र मिळवा, बीटाचे एकत्र मिळवा, मग भागाकार आणि शेवटी लॉग. प्रत्येक फोटोची प्रत काढून तिची सरासरी घेऊ नका, लुकलुकीमुळे ती एका बाजूला झुकते.

प्रतींचा फरक = २.५ × लॉग (अगस्ती ÷ बीटा)

समजा अगस्तीचे ९,६६,००० आणि बीटाचे १४,००० आले. भागाकार ६९, त्याचा लॉग १.८३९, फरक ४.६०. तो उणे ०.७४ मध्ये मिळवला की ३.८६. उत्तर ३.८ ते ३.९ मध्ये आलं तर उत्तम काम झालं. ३.६ किंवा त्याहून कमी आलं तर अगस्ती पिक्सेल भरून सांडला आहे. ४.१ आलं तर बीटापुढे पातळ ढग किंवा धुराचा पट्टा होता, किंवा कड्यातला आकाशाचा आकडा चुकला.

अंतर आणि दीप्ती

पराशय हौशी साधनांनी मोजता येत नाही, तो सिम्बाद या ताऱ्यांच्या ऑनलाइन सूचीवरून घ्या. नाव टाकताना एचडी ३९०६०, एचआर २०२० किंवा हिप २७३२१ काहीही चालेल. इथे दोन आकडे भेटतील. हिप्पार्कस यानाचा ५१.४४ मिली-आर्कसेकंद (एक मिली-आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६ लाखावा भाग) आणि गाया यानाचा ५०.९३. नवा आकडा म्हणून डोळे झाकून गाया घेऊ नका. पुण्यातून मंद वाटणारा हा तारा गायाच्या डोळ्यांना झगझगीत आहे, आणि इतक्या तेजस्वी ताऱ्यांवर ते यान थोडं अडखळतं. फरक एक टक्क्याचा. खालच्या हिशेबात हिप्पार्कसचा आकडा घेतला आहे.

अंतर = १००० ÷ ५१.४४ = १९.४४ पार्सेक. त्याला ३.२६ ने गुणलं की ६३.४ प्रकाशवर्षं. गायाच्या आकड्याने ६४ येतात. आता निरपेक्ष प्रत, म्हणजे तारा १० पार्सेकवर असता तर दिसली असती ती प्रत.

निरपेक्ष प्रत = दृश्यप्रत + ५ + ५ × लॉग (पराशय, आर्कसेकंदात)
= ३.८६ + ५ + ५ × लॉग (०.०५१४४) = ३.८६ + ५ − ६.४४ = २.४२

या ओळीत दोन चुका हमखास होतात. पराशय मिली-आर्कसेकंदातच ठेवला तर उत्तर १७च्या पुढे जातं. कॅल्क्युलेटरवर लॉगऐवजी एलएनचं बटण दाबलं तर उणे सहा येतं, आणि तुमचा बीटा अगस्तीपेक्षाही दीप्तिमान ठरतो. १९ पार्सेकवर मधल्या धुळीने प्रकाश अडत नाही म्हणण्याइतकाच अडतो, तेव्हा ती दुरुस्ती सोडून द्या. दृश्य प्रकाशाबाहेर जाणाऱ्या प्रकाशासाठीही एक दुरुस्ती असते. या जातीच्या ताऱ्यांत ती शून्याच्या आसपास येते, शून्यच धरा.

सूर्याची निरपेक्ष प्रत सर्व प्रकाश धरून ४.७४.

दीप्ती = १० चा घात [(४.७४ − २.४२) ÷ २.५] = १० चा घात ०.९२८ = ८.५ सूर्य

अभ्यासकांच्या तपशीलवार मोजणीत ८.७ येतात. तुमच्या प्रतीत ०.०५ ची चूक असेल तर दीप्ती पाच टक्क्यांनी हलते. तेवढं चालतं.

तापमान, आणि त्यामुळे त्रिज्या

रंगावरून तापमान देणारं एक सोपं सूत्र सगळीकडे फिरतं. ते ताऱ्याला जवळजवळ आदर्श कृष्णपिंड मानतं, म्हणजे ज्याच्या प्रकाशाचा रंग फक्त तापमानावर ठरतो असा पिंड :

तापमान = ४६०० × [१ ÷ (०.९२र + १.७) + १ ÷ (०.९२र + ०.६२)], र म्हणजे बी वजा व्ही

र = ०.१७ घातलं की पहिला अपूर्णांक ०.५३९, दुसरा १.२८८, आणि तापमान ८४०० केल्विन. वर्णपटाच्या अभ्यासातून आलेला आकडा मात्र ८०५०च्या आसपास आहे. फरक साडेतीनशे केल्विनचा, आणि तो तुमच्या हातून झालेला नाही. बीटा ए-६ वर्गाचा आहे. ए वर्गाच्या ताऱ्यांत हायड्रोजनच्या बामर रेषा सर्वांत ठळक असतात. या रेषा आणि त्यांच्या पलीकडचं हायड्रोजनचं शोषण मिळून निळ्या-जांभळ्या बाजूचा प्रकाश असमान खातात, त्यामुळे वर्णपटाचा आकार कृष्णपिंडासारखा राहत नाही. सूर्यासारख्या पिवळ्या ताऱ्यांवर हेच सूत्र चांगलं चालतं. पांढऱ्यांवर ते वाकतं.

आता हे त्रिज्येत काय करतं बघा.

त्रिज्या = √दीप्ती × (५७७२ ÷ तापमान)², सूर्याच्या त्रिज्येत

√८.५ म्हणजे २.९१. तापमान ८४०० घेतलं तर त्रिज्या १.३७ येते. ८०५० घेतलं तर १.५०. तापमानात चार टक्के चुकलं की त्रिज्येत आठ टक्के, कारण वर्ग. प्रत मोजायला रात्रभर थंडीत बसायचं आणि इथे एका सूत्राने सगळं घालवायचं, हा व्यवहार बरा नव्हे. पांढऱ्या ताऱ्याचं तापमान वर्णपटातून काढलेलंच घ्या.

१.५० बरोबर कशावरून? त्याला स्वतंत्र साक्षीदार आहे. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून या ताऱ्याचा कोनीय व्यास थेट मोजला गेला आहे, सुमारे ०.७४ मिली-आर्कसेकंद. तो १९.४४ ने गुणला की व्यास सुमारे ०.०१४४ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे एक एकक) येतो. सूर्याचा व्यास ०.००९३, म्हणजे प्रमाण १.५५. यात ना प्रत लागली ना तापमान, तरी दोन्ही उत्तरं तीन-चार टक्क्यांत जुळली. किलोमीटरमध्ये त्रिज्या साडेदहा लाखांच्या आसपास.

वस्तुमान, घनता, फिरकी

दीप्ती वस्तुमानाच्या साडेतीनाव्या घाताने वाढते असं धरलं तर वस्तुमान = ८.५ चा (१ ÷ ३.५) घात = १.८४ सूर्य. स्वीकारलेला आकडा १.७५ आहे. आपला थोडा जास्त येतो. हा नियम सर्व वयाच्या ताऱ्यांची ढोबळ सरासरी सांगतो, एकेका ताऱ्याला तो तंतोतंत बसत नाही. बीटाचं वय अवघं दोन-अडीच कोटी वर्षं, तो मुख्य श्रेणीवर, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळण्याच्या स्थिर टप्प्यावर, नुकताच येऊन पोचला आहे. कोवळ्या ताऱ्यावर हे सूत्र लावलं की उत्तर थोडं इकडे-तिकडे होणारच.

इथेही पडताळा उपलब्ध आहे. बीटाभोवती दोन महाकाय ग्रह सापडले आहेत. त्यातला आतला, २०१९ मध्ये जाहीर झालेला, ताऱ्यापासून सुमारे २.७ खगोलीय एककांवर आहे आणि ३.३ वर्षांत एक फेरी मारतो. केप्लरच्या नियमाने २.७ चा घन भागिले ३.३ चा वर्ग : १९.७ ÷ १०.९ = १.८. अंतरात एक टक्का चूक वस्तुमानात तीन टक्के होते हे लक्षात ठेवलं, तर हा पडताळा १.७५ शी सुसंगतच आहे.

घनता लगेच निघते. १.७५ भागिले १.५० चा घन म्हणजे सूर्याच्या ०.५२ पट. सूर्याची सरासरी घनता १.४१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तेव्हा बीटाची ०.७३. सरासरीने पाण्याहून हलका तारा. पृष्ठभागावरचं गुरुत्व सूर्याच्या ०.७८ पट, पृथ्वीच्या सुमारे २२ पट.

वर्णपटातल्या रेषा जितक्या पसरट तितका तारा वेगाने फिरतो. बीटाच्या रेषांवरून विषुववृत्ताचा वेग सेकंदाला किमान १३० किमी निघतो. परीघ २ × ३.१४ × १०.४ लाख म्हणजे सुमारे ६५ लाख किमी. भागाकार ५०,००० सेकंद, १४ तास. हा फिरकीचा जास्तीत जास्त काळ, कारण आपल्याला दिसतो तो वेगाचा फक्त आपल्या दिशेचा भाग. मात्र बीटाभोवतीची धुळीची चकती आपल्याला कडेने दिसते. १९८३ मध्ये आयरास उपग्रहाला तिची अवरक्त ऊब जाणवली आणि १९८४ मध्ये चिलीतल्या लास कॅम्पानासहून तिचा फोटो मिळाला. ताऱ्याचं विषुववृत्तही त्याच पातळीत असेल तर १४ तास हा जवळजवळ खरा काळ ठरतो. ती चकती ताऱ्याच्या दीप्तीतला एक टक्कासुद्धा अडवून परत फेकत नाही, म्हणून वरच्या कुठल्याही ओळीत तिच्यासाठी दुरुस्ती केली नाही.

एक मोह टाळा. हा तारा डेल्टा स्कूटी प्रकारचा आहे, अर्ध्या तासाच्या आसपासच्या आवर्तनांनी स्पंदतो. चाळीस फोटो हाताशी असले की त्यांचा आलेख काढून चढउतार दाखवावासा वाटतो, आणि आलेखात चढउतार दिसतातही. ते हवेचे असतात. बीटाची स्पंदनं प्रतीच्या हजाराव्या भागाच्या आसपासची, तर तुमच्या एका फोटोतली लुकलुक त्याच्या शंभरपट.